वय २८, अनुभव १० वर्षांचा : डेव्हिड कार्ल यांच्या नेमणुकीचे प्रकरण

प्रसंग

मे २०१८ च्या सुरुवातीला अमेरिकेतील डेन्व्हर विद्यापीठाच्या पुरुष आइस हॉकी संघाचे मुख्य प्रशिक्षक जिम माँटगोमेरी यांनी विद्यापीठ सोडले. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगमधल्या डॅलस स्टार्स संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षकपद देऊ केले होते. महाविद्यालयातून थेट अशा पदावर जाण्याची संधी फार थोड्यांना मिळते, त्यामुळे त्यांनी ती स्वीकारली यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. पेच मागे राहिलेल्या विद्यापीठापुढे होता.

कोलोरॅडो राज्यातील या खासगी विद्यापीठाने आपला अमेरिकन फुटबॉलचा संघ १९६१ मध्येच बंद केला. तेव्हापासून विद्यापीठाचे क्रीडाक्षेत्रातील नाव मुख्यतः आइस हॉकीवर टिकून आहे. मरे आर्मस्ट्राँग यांच्या कारकिर्दीत १९५८ ते १९६९ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे आली, जॉर्ज ग्वोझडेकी यांच्या हाताखाली २००४ आणि २००५ अशी लागोपाठ दोन आली, आणि एप्रिल २०१७ मध्ये शिकागो येथे मिनेसोटा-डुलुथ संघाला ३-२ असे हरवून माँटगोमेरी यांनी आठवे मिळवून दिले. इतक्या मानाच्या जागेसाठी मोठ्या अनुभवाचे, नावाजलेले उमेदवार मिळणे अवघड नव्हते. तरीही विद्यापीठाने त्याच महिन्यात ही जबाबदारी संघाचेच सहायक प्रशिक्षक डेव्हिड कार्ल यांच्याकडे सोपवली. कार्ल तेव्हा २८ वर्षांचे होते आणि डिव्हिजन वन या वरच्या श्रेणीतील मुख्य प्रशिक्षकांमध्ये वयाने सर्वांत लहान ठरले. महाविद्यालयीन पातळीवर खेळाडू म्हणून त्यांनी एकही सामना खेळलेला नव्हता.

या नेमणुकीकडे ‘तरुणावर टाकलेला विश्वास’ म्हणून पाहण्याची सवय पडली आहे. मला ही मांडणी अपुरी वाटते, कारण तिच्यात माणसाचे वय मोजले जाते, त्याच्या कामाची वर्षे मोजली जात नाहीत. प्रशिक्षण हाच ज्याचा व्यवसाय, त्याचा अनुभव त्याने प्रशिक्षक म्हणून काम सुरू केल्यापासून मोजला पाहिजे. या मापाने पाहिले तर कार्ल अननुभवी नव्हते. हे दाखवायचे तर सहायक प्रशिक्षकाच्या कामाचे स्वरूप आधी समजून घ्यावे लागते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला त्यातले जवळजवळ काहीच दिसत नाही.

सहायक प्रशिक्षक काय करतो

भारतात विद्यापीठ पातळीवरील खेळ म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धेआधी भरणारे निवड शिबिर आणि नंतरचे काही दिवसांचे सामने, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. अमेरिकेतील महाविद्यालयीन आइस हॉकी हा वर्षभर चालणारा व्यवहार आहे. ऑक्टोबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत हंगाम असतो. सामने बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी, त्याच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ दोन रात्री होतात. देशातील सोळा संघ मार्चअखेरीस राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात आणि शेवटचे चार संघ ज्या टप्प्यात खेळतात त्याला फ्रोझन फोर म्हणतात. २०१८ मध्ये डिव्हिजन वनमध्ये पुरुषांचे सुमारे ६० संघ होते. एनसीएए या नियामक संस्थेच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक संघाला मुख्य प्रशिक्षकाखेरीज दोन पगारी सहायक ठेवता येत, आणि त्यांच्या जोडीला एक बिनपगारी स्वयंसेवक प्रशिक्षक असे. स्वयंसेवकाचा हा वेगळा वर्ग २०२३ मध्ये रद्द झाला आणि पगारी जागा वाढल्या.

सुमारे ६० मुख्य प्रशिक्षकपदे आणि त्यांच्या दुप्पट सहायक, त्यात दर वर्षी रिकामी होणारी मुख्य पदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बहुसंख्य सहायक सहायक म्हणूनच निवृत्त होतात किंवा दुसऱ्या कामाकडे वळतात, याचे मूळ या साध्या हिशेबात आहे. शिवाय मुख्य प्रशिक्षक गेला की त्याच्या सहायकांचेही भवितव्य टांगणीला लागते, कारण नवा माणूस आपली माणसे घेऊन येतो.

कामाचा मोठा भाग खेळाडू शोधून आणण्याचा असतो. आइस हॉकीतला मुलगा शाळा संपवून सरळ महाविद्यालयात येतो असे बहुधा घडत नाही. मधली एक-दोन वर्षे तो यूएसएचएलसारख्या कनिष्ठ लीगमध्ये खेळतो आणि १९ किंवा २० व्या वर्षी विद्यापीठात दाखल होतो. आयोवा, नेब्रास्का, विस्कॉन्सिन, इलिनॉय अशा राज्यांतील मध्यम आकाराच्या शहरांत या लीगचे संघ आहेत. सहायक प्रशिक्षक आठवड्यातले दिवस अशा शहरांच्या रिंकमध्ये घालवतो आणि शुक्रवारच्या सामन्यापर्यंत परततो. तेथे तो गोलांची मोजदाद करत नाही. एखादा बचावपटू पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, स्वतःकडे येण्यापूर्वी मान वळवून मागे पाहतो की नाही, चूक झाल्यावर तो बाकाकडे कसा परततो, पालक प्रेक्षागृहात कसे वागतात, या गोष्टी तो टिपून घेतो. त्याला पाहायचे असते ते आजच्या १६ वर्षांच्या मुलातले चार वर्षांनंतरचे रूप, आणि या कामातला सगळा कस तिथेच लागतो.

कुटुंबाशी पहिले बोलणे, शिष्यवृत्तीच्या वाट्याची चर्चा, अभ्यासक्रमाची माहिती, मुलाला विद्यापीठ दाखवायला आणणे, हे सगळे बहुतांशी सहायकाच्या अंगावर असते. त्या काळी पुरुष आइस हॉकीसाठी एका संघाला जास्तीत जास्त १८ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत आणि त्या २५-२६ खेळाडूंमध्ये वाटून द्याव्या लागत. म्हणजे प्रत्येक आश्वासनामागे पुढच्या तीन-चार वर्षांचा हिशेब असे. एखाद्याला अर्धी दिली तर दोन वर्षांनी येणाऱ्या गोलरक्षकासाठी काय उरते, हे ज्याला तोंडपाठ असते तो बहुधा सहायकच असतो. आश्वासने फार कोवळ्या वयात दिली जाऊ लागल्यामुळे २०१९ मध्ये नियम कडक झाले आणि शाळेच्या अकरावीच्या वर्षाआधीच्या १ ऑगस्टपूर्वी प्रस्ताव देण्यास मनाई झाली. त्याआधी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी तोंडी होकार देणे ही नित्याची गोष्ट होती.

उरलेले काम बर्फावरचे आणि पडद्यावरचे. मुख्य प्रशिक्षक संपूर्ण संघाकडे पाहतो. बचावपटूंची फळी, आघाडीची फळी, प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर बसलेला असतानाचे आक्रमण आणि आपला बाहेर असतानाचा बचाव, हे विभाग सहायकांमध्ये वाटलेले असतात. हंगामात संघाच्या एकत्र सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, त्यामुळे चित्रफिती कापून, नेमके प्रसंग निवडून खेळाडूला दहा मिनिटांत दाखवण्याची तयारी त्या वेळेबाहेर करून ठेवावी लागते. खेळातून वगळलेल्या मुलाची समजूत काढण्याचे कामही पुष्कळदा सहायकाकडेच येते, कारण वगळण्याचा निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो आणि त्या मुलाला विद्यापीठात आणताना शब्द मात्र याने दिलेला असतो.

कार्ल यांची १० वर्षे

डेव्हिड कार्ल यांचा जन्म नोव्हेंबर १९८९ मध्ये अलास्कातील अँकरेज येथे झाला. आइस हॉकीसाठी प्रसिद्ध असलेल्या मिनेसोटातील शॅटक-सेंट मेरीज या निवासी शाळेत ते बचावपटू म्हणून घडले. त्यांचे थोरले भाऊ मॅट कार्ल डेन्व्हरच्या २००४ आणि २००५ च्या विजेत्या संघांत होते आणि महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा सर्वोच्च सन्मान, हॉबी बेकर पुरस्कार, २००६ मध्ये मिळवणारे ते डेन्व्हरचे पहिले खेळाडू होते. धाकट्याची वाटही तीच होती. डेन्व्हरने त्यांना शिष्यवृत्ती देऊ केली होती आणि २००८ च्या एनएचएल खेळाडू निवडीत त्यांची वर्णी लागेल अशी अपेक्षा होती.

निवडीपूर्वी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत त्यांच्या हृदयाच्या आलेखात दोष दिसला. पुढील तपासण्यांत हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाचा स्नायू नको तितका जाड होण्याचा विकार, निश्चित झाला. जोराच्या श्रमात हृदयाची लय बिघडून तरुण खेळाडूंचा अकस्मात मृत्यू ज्या कारणांनी होतो, त्यांत हा विकार अग्रभागी आहे. अठराव्या वर्षी खेळ थांबला. टॅम्पा बे लाइटनिंग संघाने, हा मुलगा आपल्यासाठी कधीच खेळणार नाही हे ठाऊक असूनही, सातव्या फेरीत २०३ व्या क्रमांकावर त्यांचे नाव पुकारले. आयुष्यभर ज्या क्षणासाठी झटलेल्या मुलाला तो क्षण तरी मिळावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. ही गोष्ट अमेरिकेत अनेकदा सांगितली जाते आणि ती सांगण्याजोगी आहेच. पण कार्ल यांच्या व्यवसायाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा निर्णय डेन्व्हरमध्ये झाला.

डेन्व्हरचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक ग्वोझडेकी यांनी शिष्यवृत्ती कायम ठेवली आणि कार्ल यांना विद्यार्थी-सहायक म्हणून संघासोबत घेतले. त्यांच्या वयाची मुले सराव करत असताना ते प्रशिक्षकांच्या खोलीत बसू लागले. ज्या वयात इतर खेळाडू आपल्या पुढच्या सामन्याचा विचार करतात त्या वयात त्यांना पंचवीस जणांच्या सामन्याचा विचार करावा लागला. ही चार वर्षे कागदोपत्री पदवीशिक्षणाची गणली जातात, म्हणून त्यांच्याबद्दलच्या बहुतेक लेखनात ती ओलांडली जातात. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. खेळाडूचे खेळाचे ज्ञान स्वतःच्या जागेभोवती जमा होते आणि प्रशिक्षक झाल्यावर त्याला ते पसरून घ्यावे लागते. कार्ल यांना स्वतःची जागाच उरली नव्हती. सामना एकाच वेळी सर्व जागांवरून पाहण्याची सवय त्यांना विसाव्या वर्षाच्या आतच लागली.

२०१२ मध्ये पदवी घेऊन ते विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे गँबलर्स या यूएसएचएल संघात सहायक प्रशिक्षक झाले. तेथील मुख्य प्रशिक्षक होते डेरेक लालोंड. हे लालोंड २०११ पर्यंत डेन्व्हरमध्येच सहायक होते, म्हणजे कार्ल विद्यार्थी-सहायक असताना त्यांनी या मुलाचे काम जवळून पाहिले होते. सहायकांच्या नेमणुका अशाच होतात. जाहिरात निघते, अर्ज मागवले जातात, पण निवडणाऱ्याने ज्याला आधी काम करताना पाहिले आहे त्याचे पारडे जड असते. ग्रीन बेमधील दोन हंगामांनी कार्ल यांना आणखी एक गोष्ट दिली: महाविद्यालये ज्या लीगमधून मुले नेतात ती लीग त्यांनी आतून पाहिली. कोणत्या संघातली आकडेवारी फसवी असते, कोणता प्रशिक्षक आपल्या मुलाबद्दल खरे बोलतो, हे बाहेरून येणाऱ्याला कळायला वर्षे लागतात.

२०१४ मध्ये माँटगोमेरी यांनी त्यांना डेन्व्हरला परत आणले. पुढच्या चार हंगामांत संघ दोनदा फ्रोझन फोरमध्ये पोचला आणि २०१७ मध्ये विजेता झाला. म्हणजे मे २०१८ मध्ये कार्ल यांच्या खात्यावर विद्यार्थी-सहायकाची चार, कनिष्ठ लीगमधील दोन आणि डिव्हिजन वनमधील चार अशी १० वर्षे जमा होती.

इतरांच्या वाटा

हे १० वर्षांचे माप योग्य आहे का, हे इतरांच्या कारकिर्दींशेजारी ठेवून पाहिले पाहिजे.

ग्रेग ब्राउन यांचे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे. बॉस्टन कॉलेजचे हे बचावपटू १९८८ आणि १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून खेळले, एनएचएलमध्ये तीन संघांकडून उतरले आणि २००४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, बॉस्टन कॉलेजमध्ये जेरी यॉर्क यांचे सहायक झाले. यॉर्क हे महाविद्यालयीन आइस हॉकीत सर्वाधिक विजय मिळवणारे प्रशिक्षक. त्यांच्या हाताखाली ब्राउन १४ वर्षे राहिले आणि २००८, २०१० व २०१२ च्या विजेतेपदांचे वाटेकरी झाले. मग न्यूयॉर्क रेंजर्समध्ये तीन हंगाम सहायक, मग डुबुक येथील यूएसएचएल संघाचे एक हंगाम मुख्य प्रशिक्षक, आणि २०२२ मध्ये यॉर्क निवृत्त झाल्यावर अखेर बॉस्टन कॉलेजचे मुख्य प्रशिक्षकपद. तोवर ते ५४ वर्षांचे झाले होते.

त्याच बाकावर ब्राउन यांच्याआधीपासून असलेले माइक कॅव्हॅना १८ हंगाम यॉर्क यांचे सहायक होते आणि २०१३ मध्ये कनेटिकट विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. मेल पिअर्सन यांनी मिशिगनमध्ये मुख्य प्रशिक्षक रेड बेरेन्सन यांचे सहायक म्हणून २३ वर्षे काढली, २०११ मध्ये मिशिगन टेकचे मुख्य प्रशिक्षकपद घेतले आणि बेरेन्सन निवृत्त झाल्यावर २०१७ मध्ये त्यांच्या जागी परतले.

या तिघांच्या मानाने कार्ल यांची १० वर्षे कमीच आहेत, हे मान्य करावे लागेल. परंतु या दीर्घ प्रतीक्षा शिकण्यासाठी लागलेल्या होत्या असे म्हणता येत नाही. यॉर्क आणि बेरेन्सन अनेक दशके आपल्या पदांवर राहिले, म्हणून त्यांचे सहायकही राहिले. कॅव्हॅना सहायकपदाच्या अठराव्या वर्षी तयार झाले आणि दहाव्या वर्षी नव्हते, असे मानायला काहीच आधार नाही. रांगेतला काळ आणि तयारीचा काळ या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या व्यवसायात त्यांची इतकी गल्लत झालेली आहे की दोन दशके थांबलेल्या माणसाला ‘अनुभवी’ आणि दहा वर्षांत तयार झालेल्याला ‘धाडसी निवड’ म्हटले जाते.

विद्यापीठाने काय तोलले असावे

निवडीच्या बैठकांत काय बोलणे झाले हे बाहेरच्याने सांगू नये. पण त्या मे महिन्यातली परिस्थिती सर्वांसमोर होती. ट्रॉय टेरी, हेन्रिक बोर्गस्ट्रम आणि डिलन गॅम्ब्रेल हे आघाडीचे तिघेही हंगाम संपताच एनएचएल संघांशी करार करून गेले होते. २०१७ च्या विजेतेपदातील गोलरक्षक टॅनर जाइले यांचे शिक्षण पूर्ण झाले होते. संघाची जुनी ताकद गेली होती आणि पुढचा हंगाम सर्वस्वी येणाऱ्या व उरलेल्या मुलांवर अवलंबून होता. त्या मुलांना शब्द दिलेला होता तो माँटगोमेरी आणि त्यांच्या सहायकांनी.

मे महिना या दृष्टीने फार नाजूक असतो. शरद ऋतूत दाखल होणारी तुकडी ठरलेली असते, त्यानंतरच्या दोन तुकड्या तोंडी होकारावर असतात, आणि प्रशिक्षक बदलल्याची बातमी येताच इतर विद्यापीठांचे सहायक त्या मुलांच्या घरी फोन करू लागतात. बाहेरून आलेला प्रशिक्षक कितीही मोठा असला तरी त्या कुटुंबांना तो अनोळखी असतो. कार्ल यांना मुले ओळखत होती, पालक ओळखत होते, आणि शिष्यवृत्तीचा तीन वर्षांचा हिशेब त्यांना नव्याने समजावून सांगावा लागणार नव्हता. सहायक प्रशिक्षकाकडे साठणारे खरे भांडवल हेच, आणि ते त्याच्यासोबतच येते किंवा जाते. एखादे विद्यापीठ बाहेरचा मोठा माणूस आणते तेव्हा या भांडवलावर पाणी सोडते, ही किंमत बहुधा कोणी मोजत नाही.

कार्ल यांच्यात उणीव होती ती मुख्य प्रशिक्षक म्हणून निर्णयाची अंतिम जबाबदारी पेलण्याच्या अनुभवाची. सहायक सुचवतो, मुख्य ठरवतो, आणि या दोहोंतले अंतर कोणत्याही पुस्तकाने भरून निघत नाही. माँटगोमेरी यांनी डुबुकमध्ये आणि पुढे ब्राउन यांनीही तेथेच हे अंतर भरून काढले होते, कार्ल यांनी नाही. नेमणुकीला विरोध करण्याजोगा मुद्दा वय नव्हे, हा होता, आणि तो गंभीर होता. त्यावरचा उपाय त्यांच्या सहायकांच्या निवडीत दिसतो. त्यांच्या बाकावर पुढे टाव्हिस मॅकमिलन आणि डॅलस फर्ग्युसन हे दोघे होते, आणि दोघांनीही पूर्वी अलास्का-फेअरबँक्स विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळलेले होते. मुख्य माणसापेक्षा वयाने मोठे, त्या खुर्चीत बसून आलेले सहायक घेण्यात एक प्रकारचा आत्मविश्वास लागतो. आपल्या हाताखालच्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे हे संघासमोर उघड असताना निर्णय मात्र आपणच घ्यायचा, हे अनेकांना जमत नाही.

पुढे काय झाले

२०१८-१९ च्या पहिल्याच हंगामात डेन्व्हर फ्रोझन फोरमध्ये पोचला आणि उपांत्य सामन्यात जादा वेळेत मॅसॅच्युसेट्सकडून ४-३ असा हरला. तारे गमावलेल्या संघासाठी ही कामगिरी मोठी होती.

२०२०-२१ मध्ये, महामारीने तोडमोड केलेल्या हंगामात, संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त झाले. डेन्व्हरमध्ये असे हंगाम खपवून घेण्याची परंपरा नाही. विजेतेपदापेक्षा मला हे वर्ष अधिक बोलके वाटते, कारण कार्ल यांनी त्यानंतर संघाची घडी मोडून नवी बसवण्याचा प्रयत्न केला नाही. पूर्वी निवडलेली मुले मोठी होऊ दिली. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, बॉस्टन येथे उपांत्य सामन्यात मिशिगनला जादा वेळेत ३-२ आणि अंतिम सामन्यात मिनेसोटा स्टेटला ५-१ असे हरवून डेन्व्हर विजेता ठरला. अंतिम सामन्यात दोन सत्रांनंतर डेन्व्हर ०-१ असा मागे होता आणि पाचही गोल तिसऱ्या सत्रात झाले.

एप्रिल २०२४ मध्ये सेंट पॉल येथील अंतिम सामन्यात समोरच्या बाकामागे ग्रेग ब्राउन होते. बॉस्टन कॉलेज स्पर्धेतील अग्रमानांकित आणि आक्रमणात सर्वांत तेज संघ होता. गोलरक्षक मॅट डेव्हिस यांनी ३५ फटके अडवले आणि डेन्व्हर २-० असा जिंकला. हे दहावे विजेतेपद, आणि त्याने नऊ विजेतेपदांच्या मिशिगनला मागे टाकून डेन्व्हर सर्वाधिक विजेतेपदांचा एकमेव मानकरी झाला. दोन्ही बाकांमागे आपापल्या विद्यापीठाचे माजी सहायक उभे होते. एकाला मुख्य प्रशिक्षकपद २८ व्या वर्षी मिळाले होते, दुसऱ्याला ५४ व्या. एका सामन्याच्या निकालावरून कोणती वाट श्रेष्ठ हे ठरत नाही. ब्राउन यांनी पदभार घेतल्यापासून दोन वर्षांत संघ अंतिम सामन्यात आणला होता. माझ्या दृष्टीने त्या रात्रीने दाखवले ते एवढेच, की संस्थेच्या आत घडलेला सहायक कोणत्याही वयात तिचे नेतृत्व करू शकतो.

दरम्यान कार्ल यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेच्या २० वर्षांखालील संघाने जागतिक स्पर्धेत लागोपाठ दोन सुवर्णपदके मिळवली: जानेवारी २०२४ मध्ये गोथेनबर्ग येथे स्वीडनला ६-२ असे, आणि जानेवारी २०२५ मध्ये ओटावा येथे फिनलंडला जादा वेळेत ४-३ असे हरवून.

या प्रकरणातून काय काढू नये

कार्ल यांच्या उदाहरणावरून ‘तरुण सहायकाला लवकर बढती द्यावी’ असा नियम काढणे चुकीचे ठरेल. त्यांच्या मागे अनेक अनुकूल गोष्टी होत्या. भावाचे नाव विद्यापीठात आदराने घेतले जात होते. खेळणे अशक्य झाल्यावरही शिष्यवृत्ती टिकली, आणि ती टिकवणे ही एका प्रशिक्षकाची माणुसकी होती, व्यवस्थेची हमी नव्हे. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात हाच मुलगा अभ्यासक्रम पूर्ण करून आइस हॉकीपासून दूर गेला असता. ग्रीन बेची नोकरी ओळखीच्या माणसाने दिली. ज्यांना अशा ओळखी नाहीत, ज्यांनी लहान महाविद्यालयात बिनपगारी स्वयंसेवक म्हणून सुरुवात केली आणि दुसरी नोकरी सांभाळत चित्रफिती कापल्या, त्यांच्यातले किती गुणी लोक दहाव्या वर्षापर्यंत पोचलेच नाहीत, याची गणती कोठेच होत नाही. स्वयंसेवकाचे पद रद्द करून पगारी जागा वाढवण्याचा २०२३ चा निर्णय म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. कार्ल यांना विद्यार्थी म्हणून जी चार वर्षे शिष्यवृत्तीच्या आधारावर मिळाली, तशी वर्षे इतरांनाही पोट भरून काढता यावीत, यासाठी ते एक पाऊल आहे.

दुसरी मर्यादा काळाची. कार्ल यांचे ज्ञान ज्या व्यवस्थेत साठले ती आता बदलत आहे. ऑक्टोबर २०१८ पासून खेळाडूंना विद्यापीठ बदलण्यासाठी आपले नाव एका सामायिक नोंदवहीत टाकता येऊ लागले, आणि पुढे नियम सैल होत गेले तसे सहायकांना नव्या मुलांइतकेच दुसऱ्या विद्यापीठांतील मुलांवरही लक्ष ठेवावे लागू लागले. २०२५-२६ पासून १८ शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन, नवी व्यवस्था स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी, त्या जागी २६ खेळाडूंच्या संघाची मर्यादा आली. सर्वांत मोठा बदल कॅनडातील कनिष्ठ लीगबाबत झाला. तेथील खेळाडूंना भत्ता मिळतो म्हणून एनसीएए त्यांना व्यावसायिक मानत असे आणि त्यांच्यासाठी विद्यापीठाचे दार बंद होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा नियम बदलण्याचा निर्णय झाला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तो अमलात आला.

डेन्व्हरच्या आजच्या सहायकांना याचा अर्थ असा, की यूएसएचएलमधील १६ संघ आतून ओळखणे पुरेसे राहिलेले नाही. ऑन्टारियो, क्वेबेक आणि पश्चिम कॅनडातील तीन लीग, त्यांतील पन्नासहून अधिक संघ, त्यांचे प्रशिक्षक आणि तेथील कुटुंबांच्या अपेक्षा हे सगळे नव्याने शिकावे लागत आहे. पूर्वी १६ व्या वर्षी दिलेला शब्द आणि विसाव्या वर्षीचे आगमन यांच्यामध्ये कॅनडाच्या लीगकडे वळणारा मुलगा कायमचा हातचा जाई. आता तो तिकडे दोन वर्षे खेळून परत येऊ शकतो, त्यामुळे त्याच्याशी नाते तुटू न देणे हेही सहायकाचेच काम झाले आहे. एप्रिल २०२५ मध्ये डेन्व्हर पुन्हा फ्रोझन फोरमध्ये होता आणि वेस्टर्न मिशिगनकडून दुसऱ्या जादा सत्रात ३-२ असा हरला. त्यानंतर एनएचएलमधील रिकाम्या पदांसाठी कार्ल यांचे नाव उघडपणे घेतले गेले, पण ते डेन्व्हरमध्येच राहिले. ते कधी तरी जातील तेव्हा विद्यापीठापुढे मे २०१८ चाच पेच असेल, फक्त त्या वेळच्या सहायकाने दिलेले शब्द दोन देशांतल्या चार लीगमध्ये पसरलेले असतील आणि मुलांना विद्यापीठ बदलणे २०१८ पेक्षा कितीतरी सोपे झालेले असेल.